कुठल्या बाजूचं दुखतं

प्रिय विजयमाला,

पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नकोस. इकडं सगळं ठीक आहे. म्हैस दूध देते, आल्याच्या पिकाला पाणी वेळेवर जातं आणि मीही चालता-बोलता आहे. घरात दोन-दोन फोन असताना पत्र कशाला, असं ऋषिराज विचारील. त्याला सांग, फोनवर तुझ्या बापाचा आवाज दुसऱ्याच मिनिटाला परेडच्या मैदानावर जातो. पाडव्याला तेच झालं. ‘येणार नसशील तर तसं सांग, मी सवय करून घेतो,’ असं मी ओरडलो. तू ‘बघू’ म्हणालीस आणि फोन सूनबाई संयोगिताच्या हातात दिलास. सूनबाईच्या बाळंतपणाला म्हणून दोन महिन्यांसाठी सांगलीला गेलीस, येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील. तू परत येणार की कायमची तिकडचीच झालीस, हा विचार सकाळी चहा ठेवताना सुरू होतो तो भांडी घासेपर्यंत चालतो. हो, भांडी मीच घासतो. पण या पत्रात ‘कधी येतेस’ हे मी विचारणार नाही. दुसरंच एक विचारायचं आहे. त्याची लाज वाटते, म्हणून जरा वळसा घालून येतो.

पलटणीतून मी तुला इनलँड पत्रं पाठवायचो, ती आठवतात का? खाली नंबर, हुद्दा आणि पूर्ण नाव. एकदा सुट्टीवर आलो तेव्हा तू म्हणालीस, ‘आवं, हे नवऱ्याचं पत्र हाय का कचेरीचं?’ मी हसण्यावारी नेलं होतं. त्या पत्रांत असायचं काय, तर पेरणी उरकली का, ऋषिराज शाळेत जातो का, बैल विकायची घाई करू नकोस. ‘तुझी तब्येत कशी आहे’ हे वरच्या ओळीत असायचंच, पण छापून आल्यासारखं. ते लिहायचं आणि लगेच पुढच्या ओळीवर जायचं. तुझंही उत्तर ठरलेलं, ‘इकडील सर्व क्षेम’. मला ते वाचून बरं वाटायचं.

तर आता बातमी. संक्रांतीपासून माझं बूड जमिनीला टेकत नव्हतं. उजव्या कुल्ल्यात आत खोल कुणीतरी खिळा ठोकून ठेवल्यासारखं दुखायचं, तिथून कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरायची. ताटावर मांडी घालून बसलो की दुसरी भाकरी मोडायच्या आत उठावं लागायचं. मोटरसायकलवर कोरेगावला जायचं तर मी डाव्या अंगावर कलून बसायचो. बाजारात लोक विचारायचे, हवालदार, गाडीवर असं तिरपं का? मी म्हणायचो, सीट फाटली आहे. गरम विटेचा शेक झाला, तेल झालं, माणमधल्या एका जाणत्यानं पाठीवर गुडघा देऊन कडाकडा हाडं वाजवली तेही झालं. तुला काही कळवलं नाही. कुल्ला हा शब्दसुद्धा मी तुला कधी पत्रात लिहिला नसता. आता लिहितोय, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच जागेची आहे.

शेवटी मिलिटरीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी साताऱ्याला पोवई नाक्यामागं एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडं गेलो. बाई कसली, पोरच. डॉक्टर भाग्यश्री मगदूम. तुमच्या सांगलीकडची, समडोळीची, जैन शेतकऱ्याच्या घरातली. मी दारातूनच परत फिरत होतो. जी जागा मी बायकोला कधी दुखते म्हणून सांगितली नाही, ती या पोरीला सांगायची? तिनं ते ओळखलं असावं. वहीतून मान वर न करता म्हणाली, ‘या काका. कुठल्या बाजूचं दुखतं?’ मी म्हटलं, दोन्ही. ‘दोन्ही नसतंय काका. एक आसतीच. बसा बघू.’ मी बसलो, आणि बसतानाच तिनं सांगून टाकलं, उजवी. मग हात पुढं करून मागच्या खिशातलं पाकीट मागितलं. तुला माहीत आहे ते पाकीट. ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, तुझा एक फोटो, सोसायटीच्या पावत्या, सगळा संसार त्यात. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ते उजव्या खिशातून हललं नव्हतं. तिनं ते हातावर तोललं आणि म्हणाली, ‘ह्या विटेवर बसता व्हय तुमी रोज?’ मला हसावं की रागवावं कळेना.

पण खरं नवल पुढं आहे. तिनं मला पालथं झोपवलं, दुखऱ्या जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, सैल सोडा. मी म्हटलं, सोडलंय. ‘न्हाई सोडलं.’ अगं, सोडलंय की. ‘न्हाई वो काका. आवळून धरलंय तुमी.’ असं चांगलं पाच मिनिटं चाललं. मला खरंच कळत नव्हतं की मी काही धरलंय. मग तिनं विचारलं, नोकरी काय होती? मी म्हटलं, ड्रिल उस्ताद. नव्या भरतीच्या पोरांना मी सावधान शिकवायचो. पहिला धडाच तो, टाचा जोडा, गुडघे ताठ, आणि मागं असं आवळा की मध्ये धरलेलं नाणं पडता कामा नये. पोरं रडकुंडीला यायची. त्यांना दाखवायचं म्हणून मी स्वतः दिवसभर तसा उभा राहायचो. हे ऐकून भाग्यश्रीचा हात थांबला. म्हणाली, ‘म्हंजे तुमच्या ह्या स्नायूला कुणी सुट्टीच दिली न्हाई.’ विजयमाला, मी पालथा पडलो होतो म्हणून बरं, माझं तोंड तिला दिसलं नाही. परेडवर सावधाननंतर विश्राम असतो, आणि विश्रामनंतर ‘आराम से’ असा एक हुकूम असतो. तो मिळाला की जवानानं अंग सैल सोडायचं. हजारो पोरांना मी तो दिला असेल. मला स्वतःला कुणी दिल्याचं आठवत नाही, आणि मिळाला असता तर तो पाळायचा कसा हेही मला येत नव्हतं.

मग तिनं भिंतीवरचं चित्र दाखवलं. आपण ज्याला नुसतं मांस समजतो त्याच्या आत एकाखाली एक स्नायू आहेत. सगळ्यात आत एक लहानसा, माझ्या अंगठ्याएवढा, माकडहाडापासून खुब्यापर्यंत तिरका बांधलेला. आणि त्याच्या खालून जाते ती अख्ख्या अंगातली सगळ्यात जाड नस, करंगळीएवढी, थेट तळपायापर्यंत. तो बोटभर स्नायू आखडला की खालची नस दाबली जाते, आणि सहा फुटी हवालदार ताटावरून उठतो. मी त्या चित्रापुढं किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्रेसष्ट वर्षं ज्याच्यावर बसलो, त्याची मला ओळखच नव्हती. बंदूक डोळे बांधून उघडता आणि जोडता यायची मला, पण स्वतःच्या बुडाखाली काय आहे ते ठाऊक नव्हतं. पुढचा पेशंट येऊन खोकला तेव्हा मी बाजूला झालो.

व्यायाम तिनं चारच दिले. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे आणि कंबर हळू वर उचलायची. कुशीवर झोपून वरचा गुडघा दार किलकिलं करावं तसा उघडायचा. दुखऱ्या बाजूचा गुडघा दुसऱ्या खांद्याकडं ओढायचा. आणि चौथा असा, पाठीवर पडून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, मग खालची मांडी दोन्ही हातांनी छातीकडं आणायची आणि पाच संथ श्वास तिथंच थांबायचं. हा चौथा ती करून दाखवत होती तेव्हा मला वाटलं, हे असं कुणालातरी पडलेलं मी पाहिलं आहे. कुठं, ते काही आठवेना. पलटणीतलं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

आता फौजी माणसाला दहा वेळा करा म्हटलं की तो काय करणार? मी शंभर केले. ओसरीवर सतरंजी टाकून, मोठ्यानं एक-दो-एक म्हणत, दात-ओठ खाऊन. शेजारची पोरंटोरं कुंपणाशी जमा झाली. दुसऱ्या दिवशी मला खाटेवरून पाय खाली टाकता येईना. दोन दिवस तसाच पडून काढले, तिसऱ्या दिवशी कसाबसा साताऱ्याला पोचलो आणि शाबासकी मिळेल या आशेनं शंभरचा आकडा सांगितला. भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला. ‘काका, त्याला शिक्षा नव्हती द्यायची. त्याला समजवायचं हुतं.’ ही पोर आपल्या ऋषिराजपेक्षा लहान आहे गं. मोजायचं नाही, श्वास सोडायचा आणि श्वासाबरोबर तो जेवढा सोडेल तेवढंच घ्यायचं, असं तिनं बजावलं. मी घरी आलो, सतरंजीवर पडलो, तोंड बंद ठेवलं. पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी चौथ्या श्वासाला आत कुठंतरी काहीतरी उलगडलं. मी काही केलं नव्हतं. ते आपणहून सुटलं. एवढा मोठा माणूस मी, सतरंजीवर पडल्या पडल्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते दुखलं म्हणून नव्हतं.

त्याच सुमाराला ऋषिराजनं चिमीचा व्हिडिओ पाठवला. ती चमचा उचलायला उकिडवी बसते, पूर्ण खाली, टाचा जमिनीला टेकलेल्या, आणि कशाचाही आधार न घेता उठते. बघ पुन्हा एकदा नीट. भाग्यश्रीला दाखवला तर ती म्हणाली, ‘हे आपल्याला सगळ्यांना येत हुतं काका. आपण इसरलो.’ मी तो व्हिडिओ रोज बघतो. तिला कुणी शिकवलं? तिला हे येतं आणि मला येत नाही, याचं मला इतकं अप्रूप वाटतं, की नातीचे लाड राहतात बाजूला, मी तिचे गुडघेच बघत बसतो.

आता यात्रेचं सांगतो. चैत्रात भैरवनाथाची यात्रा झाली, तू आली नाहीस. देवळापुढं नेहमीसारखी पंगत होती, लापशी आणि आमटी-भात. सरपंचानं मला मानानं पहिल्या ओळीत पाट दिला. तोवर मला थोडं बरं होतं, पण मांडी घालून तासभर बसणं अजून जमणारं नव्हतं, आणि चार लोकांत मध्येच उठायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. म्हणून मी आमटीची बादली उचलली. म्हटलं, आज मी वाढणार. सगळे खूश. हवालदार वाढतोय, हवालदार वाढतोय. मीही ऐटीत ओळीमागून ओळी फिरलो. राहीबाईच्या पुढं आलो. ती आता ऐंशीची, पण डोळे अजून तिखट. द्रोण पुढं करून तिनं माझ्या चालण्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘आरं नानासो, तू तर इजयमालावानी कराय लागलास. ती बी अशीच वाढत ऱ्हायाची, बसाय येत न्हवतं म्हनून.’

मी बादली घेऊन तिथंच उभा राहिलो. म्हटलं, काय म्हणालीस? तर म्हणाली, ‘तुला ठावं न्हाई व्हय? आल्याच्या काढणीत बांधावरनं पडली न्हाई का ती, पाठीवर पोतं आसताना. तू तवा पलटणीत हुतास. तवापास्नं तिला मांडी घालता येत न्हाई. समद्या बायास्नी म्हाईत हाय.’ मागून कुणीतरी आमटी, आमटी म्हणून हाका मारत होतं. मी वाढत पुढं गेलो. पाय आपोआप चालत होते.

विजयमाला, मी गावभर तुझी बढाई मारायचो. आमची ही कधी पंगतीला बसत नाही, सगळ्यांचं झाल्यावर उभ्या उभ्या दोन घास खाते, एवढा कामाचा उरक. पाहुण्यांपुढंही सांगायचो. घरीही तेच. ‘तुमी जेवा, मी मागनं बसते.’ मी जेवून हात धुवायचो आणि बाहेर जायचो. तू मागून बसलीस का, हे मी एकदाही वळून बघितलं नाही. आणि टेबल-खुर्चीचं. तू जायच्या आधीच्या दिवाळीत तू म्हणालीस, घरात एक लहानसं टेबल असतं तर बरं. मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, तुलाही आठवत असेल. मी जिवंत असेपर्यंत या घरात ताट जमिनीवरच मांडलं जाईल. तू ताट मांडलंस. सांगलीला ऋषिराजकडं टेबल आहे. तू सांगलीत का रमलीस, हे शोधायला मी दीड वर्ष नातीला, सुनेला, शहराला दोष देत बसलो होतो.

यात्रेहून घरी आलो. जेवलो नव्हतो. दुपारचा व्यायाम राहिला होता म्हणून मागच्या खोलीत सतरंजी टाकली, पाठीवर पडलो, घोटा गुडघ्यावर ठेवला, मांडी छातीकडं ओढली. आणि तेव्हा आठवलं, असं कुणाला पडलेलं पाहिलं होतं ते. त्याच खोलीत. मी नुकताच निवृत्त होऊन आलो होतो. दुपारची वेळ. तू खाली पडून पाय असाच पायावर टाकून, लुगडं आवरून, डोळे मिटून होतीस. मी दारातून ओरडलो होतो, भरल्या घरात पाय वर करून काय पडलीस, ही काय रीत झाली? तू झटकन उठलीस आणि चुलीकडं गेलीस. त्यानंतर तू मला तशी कधी दिसली नाहीस.

भाग्यश्री पाच वर्षं शिकून आली आहे. तुला हा व्यायाम कुणी शिकवला होता, विजयमाला? इथं तेव्हा कोण होतं शिकवायला? मी त्या दिवसापासून याच विचारात आहे. तुझ्या अंगानं तो आपला आपण शोधून काढला होता. वेदनेत पडल्या पडल्या, कुणाला न विचारता, नेमका तो घोटा, नेमका तो गुडघा. आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना अंग कसं ठेवायचं ते शिकवलं, त्यानं येऊन तो मोडला. मी पलटणीत शूर माणसं पाहिली आहेत, बर्फातून गडी खांद्यावर घालून आणणारी. पण असल्या दुखण्यावर वीस वर्षं पंगती वाढणारं माणूस मी पाहिलं नव्हतं, असं मला वाटत होतं. होतं तर माझ्याच घरात. मला तुझ्याबद्दल जे वाटतं आहे त्याला मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही, म्हणून साधाच लिहितो. मला तुझ्यापुढं सलाम ठोकावासा वाटतो, आणि माफी मागावीशी वाटते. दोन्ही एकदम कसं करतात ते मला येत नाही.

परवा मी हे सगळं भाग्यश्रीला सांगितलं. मला वाटलं ती रागवेल. ती रागावली नाही. म्हणाली, इतक्या वर्षांचं असलं तरी बरं होतं, तुमचं सुटलं तसं काकूंचंही सुटेल, त्यांना यायचं नसेल तर मी सांगलीत माझ्या मैत्रिणीकडं चिठ्ठी देते. नवा कागद घेतला, वर तुझं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन धरून मला विचारलं, ‘काकूंचं कुठल्या बाजूचं दुखतं?’ तुझ्याशी लग्न होऊन एकोणचाळीस वर्षं झाली. तू लंगडायचीस का, कुठल्या अंगावर निजायचीस, उठताना कुठल्या गुडघ्यावर हात ठेवायचीस, मी डोळे मिटून आठवत राहिलो, आणि मला ते दिसेना. ती पोर वाट बघत होती. शेवटी तिनं ती ओळ तशीच मोकळी ठेवली आणि कागद माझ्या हातात दिला. तो माझ्यासमोर आहे. म्हणून हे पत्र. तू ये किंवा येऊ नकोस, टेबल किती उंच हवं ते कळव किंवा कळवू नकोस, पण एवढं मला सांग, विजयमाला, तुझं कुठल्या बाजूचं दुखतं? डाव्या की उजव्या? फोनवर विचारलं असतं तर ‘काय न्हाई, बरी हाय मी’ म्हणाली असतीस, आणि मी ते खरं धरून पुढच्या ओळीवर गेलो असतो. या खेपेला तुझं उत्तर येईपर्यंत मी पुढची ओळ लिहिणार नाही.

तुझाच,
नानासो